स्वयंसेवक मुंग्यांना स्थगिती

"टेबलाचे पाय मुंग्यांच्या वाटेवर टेकवू नकोस, नोला. बिचाऱ्यांना वळसा पडतो."

क्लॅरी हे सांगून गेला त्याला बरीच वर्षं झाली. तरी दर शनिवारी वरागुल गावच्या बागेत तवा मांडताना नोलाला नवऱ्याचा तो आवाज ऐकू येतो आणि ती टेबल वीतभर सरकवते. मग सॉसेज भाजली जातात, कांदा परतला जातो. पावाच्या कापात गुंडाळून आम्ही ती विकत घेऊन खातो आणि त्या पैशानं वणवा विझवणाऱ्या पथकाला हातभार लावल्याच्या समाधानात उरलंसुरलं खाली टाकतो.

खाली टाकलेलं उचलण्याची व्यवस्था आमच्याकडे जुनीच आहे. निलगिरीखाली खड्यांचं एक मोठं वारूळ आहे. त्यातल्या तांबड्या-जांभळ्या मांसमुंग्या ऊन असेपर्यंत सॉसेजचे तुकडे ओढून नेतात. तिन्हीसांजेला साखरमुंग्या येतात आणि सांडलेलं सरबत चाटून साफ करतात. नळापाशी एक बुलडॉग मुंगी जबडे पसरून एकटीच उभी असते. ती काहीच उचलत नाही, जवळ येईल त्याच्यावर धावून जाते. तिला आम्ही या सगळ्यांची वरिष्ठ समजत आलो.

गावच्या परिषदेचे नवे सुरक्षा अधिकारी गॅरथ पेंब्रोक यांनी पहिल्याच शनिवारी विचारलं, "इथली सफाई कोण करतं?"

"मुंग्या," नोला म्हणाली. "कांदा घालू?"

"पगारी आहेत?"

"ऊन लागलं का रे पोरा तुला?"

"म्हणजे स्वयंसेवक," गॅरथ गंभीरपणे म्हणाले. "कांदा नको."

परिषदेच्या जागेत चमकदार पिवळं जाकीट आणि सुरक्षेचं प्रशिक्षण यांच्याशिवाय कोणाही स्वयंसेवकाला काम करता येत नाही. नियम चांगलाच आहे. पाय किती असावेत हे त्यात म्हटलेलं नाही, एवढंच. मुंगीच्या मापाचं जाकीट मिळेना, म्हणून एक मोठं जाकीट सामुदायिक वापरासाठी वारुळावर पांघरण्यात आलं. वारुळाला ऊन मिळेना, तेव्हा मुंग्यांनी पलीकडच्या अंगाला नवी दारं काढली. ते विनापरवाना बांधकाम ठरलं. प्रशिक्षण मात्र यथासांग पार पडलं. गॅरथ वारुळासमोर उभे राहून बराच वेळ बोलले: झेपेल तेवढंच वजन उचलावं, शंका आल्यास सहकाऱ्याला हाक मारावी. श्रोत्यांपैकी कित्येक जणी त्याच वेळी आपल्या कितीतरी पट वजनाचे तुकडे घेऊन त्यांच्या बुटांवरून चालल्या होत्या. काही जणी शंका घेऊन विजारीत शिरल्या.

विजार झटकता झटकता गॅरथ ओरडले, "अहो, मारामारी!"

क्रिकेटच्या मैदानाकडच्या वारुळातल्या मुंग्या हद्दीवर आल्या होत्या. दोन्हीकडच्या मुंग्या समोरासमोर पाय ताणून उंच झाल्या आणि एकमेकींना लाथा झाडू लागल्या.

"रोजचंच आहे ते," नोला म्हणाली. "कोण उंच दिसतंय ते बघतात आणि घरी जातात. कोणी मरत नाही, काही ठरतही नाही."

"म्हणजे बैठक आहे ही?"

"तुमच्या परिषदेसारखीच. फक्त यांना मध्ये चहा लागत नाही."

हा खुलासा गॅरथना पटला नाही. कामाच्या जागी हिंसा आढळल्यानं सफाईला स्थगिती मिळाली. मुंग्यांना लेखी आदेश वाचता येत नसल्यानं तो विषारी दाण्यांच्या स्वरूपात वारुळावर बजावण्यात येईल, असं परिषदेनं जाहीर केलं.

गावसभा भरली. नोला कधी सभेत बोलत नाही. त्या दिवशी उभी राहिली.

"शेवटच्या आजारात क्लॅरी दुपारभर त्या वारुळाशेजारी खुर्ची टाकून बसायचा," ती म्हणाली. "माझ्याशी बोलणं बंद झालं होतं त्याचं. मुंग्यांशी बोलायचा. ते वारूळ राहू द्या."

खाटीक रॉस्को हुंदके देऊन रडला. गॅरथही काही दगडाचे नव्हते. त्यांनी नियमातूनच वाट काढली. "खाली तुकडाच पडला नाही तर सफाई नाही. सफाई नाही तर ती कामाची जागा नाही. मग दाणे टाकायला मला कारणच उरत नाही. येत्या शनिवारी ऊन उतरताना बघायला येतो. पण एकही तुकडा दिसता कामा नये."

आपापलं आपण उचलायचं, असं वचन साऱ्या गावानं हात वर करून दिलं. नोलानंही हात वर केला.

शनिवारी बागेत नाताळातही होत नाही एवढी गर्दी झाली. सगळ्यांच्या अंगात 'मुंग्या आमच्या' असं छापलेले सदरे होते. मुंग्यांच्या प्रेमापोटी जो तो नेहमीच्या दुप्पट खात होता. ऊन कलेपर्यंत बाकांखालचं गवत दिसेनासं झालं.

"कोणीतरी उचलायला हवं हे," रॉस्को बोटावरचा सॉस चाटत म्हणाला. "शब्द दिलाय आपण."

"दिलाय ना! सगळ्यांनी मिळून दिलाय," आम्ही म्हणालो, आणि सगळे मिळून कुठे दिसतात का ते बघू लागलो.

फाटकाशी गॅरथची गाडी थांबली. त्यांच्या हातात दाण्यांचा डबा होता.

नोलानं तव्याखालची आच बंद केली. एक पिशवी उचलली, आमच्या बाकापाशी आली आणि वाकली. आम्ही तात्काळ सहकार्य केलं. बसल्या जागी सगळ्यांनी पाय वर घेतले, घरी कोणी फरशी पुसायला आलं की तुम्ही घेता ना, अगदी तसे.