आनंदातात्यांचा पिठ्ठू

आमच्या सांगलीजवळच्या माधवनगरचे आनंदातात्या कोपऱ्यावरच्या न्हाव्याकडे दाढीला जातानासुद्धा पाठीला पिठ्ठू लावून जात. पिठ्ठू म्हणजे फौजेतली पाठीवरची पिशवी. तात्या हवालदार म्हणून निवृत्त झाले, पिशवी मात्र अजून नोकरीत होती. तिच्यात भाकरी, खर्डा, जर्मनची ताटली आणि पाण्याची बाटली कायम तयार. कुठं निघालात विचारलं की म्हणत, "शिपाई निगत न्हाई गड्या, शिपाई कूच करतो."

आणीबाणीच्या आधीची गोष्ट. मुंबईत दिलेल्या त्यांच्या एकुलत्या लेकीला, शालनला, भेटायला जायचं होतं आणि सोबत म्हणून त्यांनी मला उचललं. सांगलीहून मुंबईला सरळ रेल्वे होती, पण तात्यांनी मला आधी वेंगुर्ल्याला नेलं. तिथून बोटीनं जायचं होतं.

"रेल्वेनं लय लवकर पोचतंय," म्हणाले. लवकर पोचण्यात काय वाईट, ते मला कळेना.

बोटीची वाट बघत आम्ही वेंगुर्ल्यात नुसते लोळलो. तिथं कुणालाच कसली घाई नव्हती. मासे किनाऱ्याला लागल्यावर खानावळवाला चूल पेटवायचा. दुपारी सुरूच्या सावलीत डोळे मिटले की लाटांचा आवाज झोपेत शिरायचा आणि आपण कुठले, कशाला आलो, सगळं विसरायला व्हायचं. तात्या सकाळी वाळूत एकटेच परेड करत. लाट पायाशी आली की दरडावत, "पीछे हट." लाट मागं जायची, आणि तात्या माझ्याकडं ऐटीत बघायचे.

तिथंच एका संध्याकाळी ते मोकळे झाले. लेकीला मूल होईपर्यंत बापानं तिच्या घरचं अन्नपाणी घ्यायचं नाही, अशी आमच्याकडची रीत. शालनच्या लग्नाला बरीच वर्षं झाली तरी पाळणा हलला नव्हता. म्हणून तात्या दर खेपेला तिच्या खोलीत बसून आपलीच भाकरी खात आणि आपल्याच बाटलीतलं पाणी पीत.

"गेल्या बारीला मी ताटली काडली, आन् पोरगी उटून ग्यालरीत गेली," तात्या म्हणाले. "लय येळ आत आली न्हाई. माजी भाकरी बगून तिला काय वाटत आसंल रं?"

मला फार वाईट वाटलं.

बोटीवर आमच्या शेजारी गोव्याहून आलेला, केस वाढवलेला एक गोरा बसला होता. त्याच्याही पाठीवर भलीमोठी पिशवी. तात्यांनी तिचे पट्टे ढिले ठरवून पुन्हा बांधायला लावले आणि "कुटली पलटण?" असं मराठीतच विचारलं. तो गोड हसला. मुंबई दिसायला लागली तशी तात्यांनी सगळ्या भाकरी खर्ड्यासकट त्याच्यापुढं ठेवल्या. बिचाऱ्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, तरी खात होता. मग तात्यांनी बाटली उपडी करून पाणी समुद्रात ओतलं. मी बघतच राहिलो.

धक्क्याबाहेर पडलो आणि हातगाड्या, ट्रक, बसचे भोंगे यांनी डोकं भणाणून गेलं. वेंगुर्ला स्वप्नात पाहिलं की काय, असं वाटू लागलं. तात्यांनी हात आडवा करून भर रस्त्यात वाहतूक थांबवली आणि मला पलीकडं नेलं. एका टॅक्सीवाल्यानं त्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला.

शालननं दार उघडलं. तात्यांना पाणी विचारायचं नाही, हे ती शिकली होती. तात्या चटईवर बसले आणि रिकामा पिठ्ठू बाजूला सारला.

"शालन, लय भूक लागलीया. काय हाय खायाला?"

ती जागीच थबकली. "आवं तात्या, तुमाला म्हाईत हाय न्हवं? आजून काय न्हाई."

"मी लेकीच्या घरी आलोय," तात्या म्हणाले, "नातवाच्या न्हवं. वाढ."

तिनं घाईनं पिठलं टाकलं. आमच्याकडं पाठ करून, डोळे पुसत केलेल्या त्या पिठल्यात मीठ घालायचं राहूनच गेलं. मला पहिलाच घास अळणी लागला. तात्यांनी मात्र दोनदा मागून घेतलं.