अंबादासअण्णांचे तीन ठोके

आमच्या ऑपरेशन थिएटरात अंबादासअण्णा तेलुगूत मोजतात. "ओकटी, रेंडू, मूडू" झालं की बटण दाबतात, आणि पेशंटच्या हृदयाचे तीन ठोके कॉम्प्युटरात जमा होतात. ऑपरेशन चालू असताना अन्ननलिकेत सोनोग्राफीची नळी सोडून हृदयाची चित्रं घेतात. ती साठवणं हे अण्णांचं काम. मी तिथली नर्स.

चौथा ठोका का नको, असं मी एकदा विचारलं.

"तीन लई झालं की, सिस्टर. चौथा त्याचा त्याला ऱ्हाऊ द्या."

प्रत्येक चित्रावर रक्तदाब लिहिल्याशिवाय हा माणूस पुढे सरकत नाही. डॉक्टर घाईत असोत, आम्ही वैतागलेले असू, अण्णांचं आपलं एकच, "दाब किती?"

परवा जेऊरच्या एका बाईच्या हृदयाची गळकी झडप शिवली. हृदय पुन्हा चालू झालं, पडद्यावर गळती दिसेना. डॉक्टर खूश. "चला, छाती बंद करू."

अण्णांनी झडप शिवण्याआधीचं, सकाळचं चित्र शेजारी लावलं. "साहेब, हे एकशेवीस दाबावरचं. आत्ताचं ऐंशीवरचं. कसं जुळणार?"

"अण्णा, स्वच्छ दिसतंय की!"

"आमचं वडील मागावर होते. चादर ताणल्याबिगर विरलेली जागा दिसत न्हाय."

डॉक्टरांचा चेहरा आंबट झाला, पण त्यांनी औषध देऊन दाब वाढवायला लावला. एकशेवीसला पडद्यावर गळतीची रंगीत चिळकांडी उठली. तशीच घरी गेली असती तर बाईला चार पावलांत पुन्हा धाप लागली असती. हृदय परत थांबवून आणखी दोन टाके घातले. मग मात्र भरल्या दाबालाही गळती नाही. अण्णांचे पाय धरावेत असं वाटलं मला. हातात ट्रे होता म्हणून राहिलं.

ऑपरेशननंतर अण्णा नेहमी दहा मिनिटं गायब होतात. बिडी ओढत असतील, असा माझा समज. त्या दिवशी सहीसाठी शोधत गेले, तर हे बाहेर त्या बाईच्या नवऱ्यासमोर उकिडवे बसलेले. दोन्ही तळवे उघडून मिटून दाखवत होते. "झडप आता अशी मिटती. बघा."

मला पाहून ओशाळले. "आमची ही आत होती, तवा मी असाच बाहेर बसलो होतो, सिस्टर. ती गेली एवढंच सांगितलं. आत काय झालं, कुणी दावलं न्हाय."

जेऊरचा तो माणूस तोवर स्वतःचे तळवे भराभर उघडून मिटून बघत होता. अण्णांनी त्याचे हात धरले.

"हळू, पाव्हणं. तिचं आता शांत चाललंय."