उपाशी ठेवलेल्या बारा बश्या

बश्या बारा. प्रत्येकीत पेशी सुमारे दोन लाख. गोठवून ठेवलेली शेवटची कुपी या बारांतच संपली होती. शिल्लक शून्य.

"दोन वाजेपर्यंत डॉक्टरेटची जागा माझी!" अल्माटीतल्या त्या प्रयोगशाळेत तोग्झाननं सकाळी आठलाच जाहीर केलं. ऐकायला फक्त कुल्याश आपाय होत्या, सगळ्यांच्या मावशी. तीस वर्षं तिथलं काचसामान धुणाऱ्या, आणि तितकीच वर्षं सगळ्यांना चहा पाजणाऱ्या.

"काय चाललंय गं यात?"

एरवी तोग्झाननं दोन वाक्यांत आटपलं असतं. पण आज तिला स्फुरण चढलं होतं! "आपाय, पेशी म्हणजे घर समजा. खाणं मिळालं की ती नवी प्रथिनं बनवते. खाणं तुटलं की बिचारी घरातलंच सामान मोडून खाते. आज खुर्ची, उद्या पलंग! मी यांना सहा तास नुसत्या मिठाच्या पाण्यावर ठेवलंय. त्यांच्यातलं एक प्रथिन चमकतं. जेवढं मोडेल तेवढी चमक कमी. दोन वाजता ती निम्म्यावर येणार. आमचे सर, सागिंदिक-अगाय, म्हणालेत, बारा आकडे दे, जागा घे!"

"उपाशी ठेवल्यास? नव्या वर्षाचा नवरोज उद्यावर आला असताना?"

"अहो, पेशी आहेत त्या!"

"असू देत. या दिवसांत आम्ही कुत्र्यालासुद्धा पोटभर घालतो. रिकाम्या पोटी नवरोज आला की अख्खं वर्ष रिकामं जातं."

तोग्झान खो खो हसली आणि वाचनालयात गेली.

दोन वाजता पहिली बशी यंत्रात गेली. सकाळची चमक शंभर धरली, तर आता एकशेसात! तिनं यंत्र पुसलं. दुसरी एकशेनऊ. यंत्र बंद करून पुन्हा सुरू केलं. तिसरी एकशेसहा. सातवीपर्यंत तिला दरदरून घाम फुटला होता. आठवीला मात्र डोक्यात लख्ख उजेड पडला. ही चूक नव्हेच, हा शोध! उपास करून अंगानं भरणाऱ्या पेशी!

अकरावीही तशीच निघाली. "अगाय! धावत या!"

सागिंदिक-अगाय कपाळावर चष्मा ठेवून चष्मा शोधत आले. "सगळ्या अशाच?"

"अकरा मोजल्या. अकराही!"

त्यांनी थेट संचालकांना फोन लावला. संचालक म्हणे भरल्या पानावरून उठले!

तेवढ्यात आपाय आत आल्या. हातात नवरोज-कोझेचा वाडगा, सात जिनसा घालून केलेली सणाची पेज. "झाल्या का गं ताज्यातवान्या?"

"कोण?"

"तुझ्या त्या पोरी. तू गेलीस आणि मला राहवेना. हातमोजे घातले, स्पिरिटनं पुसलं, तुम्ही एरवी देता ते गुलाबी बाटलीतलं खाणं वाढलं. अगदी रीतसर! पण बाटली अकरावीलाच संपली बघ. कोपऱ्यातली ती एक तशीच राहिली. सकाळपासून जिवाला चैन नाही."

अगाय फोनमध्ये हळूच म्हणाले, "साहेब, तुम्ही जेवून घ्या."

आणि तोग्झान कडाडली, "तुम्हाला काचा धुवायला ठेवलंय! एवढी अक्कल नाही?"

आपायनी वाडगा तिच्या टेबलावर ठेवला. अंगातला झगा काढला, नीट घडी केली, खुंटीला न अडकवता पिशवीत घातला आणि त्या निघून गेल्या. तीस वर्षांत तो झगा घरी गेला नव्हता.

"पेशी उपाशी आहेत, हे आपायना कोणी सांगितलं?" अगायनी विचारलं.

"मी."

"आणि 'बिचारी' कोण म्हणालं?"

"…मीच."

"एका बशीवर जागा मिळत नाही, पोरी. पुढच्या वर्षी बघू."

तिनं बारावी मोजली. हवा होता तसाच आकडा आला. कोझेचा एक घोट घेतला, वाडगा बाजूला सारला. आपायना तीनदा फोन केला. उचलला नाही. मग तिनं हातमोजे घातले, गुलाबी बाटली नवी फोडली आणि कोपऱ्यातल्या बशीला खाणं वाढलं.

संध्याकाळी तिनं आपायना संदेश धाडला:

"बारावी बशी. अडीच वाजता ४९. खाल्ल्यावर, साडेपाच वाजता ८१."