हणमंतशेठचा उशिराचा शाळू

हरणांशी तमिळमध्ये बोलणारा माणूस अख्ख्या सांगली जिल्ह्यात एकच असावा, आणि तो नेमका माझ्या बांधाला बांध लावून राहावा, हे माझं नशीब. सकाळी सात वाजता माझ्या हरभऱ्यात शिरलेल्या चितळांच्या सात पिढ्यांचा उद्धार करत मी दगड भिरकावत असतो. तेवढ्यात पलीकडून पत्र्याचा डबा वाजतो आणि हणमंतशेठ ओरडतात, "नाळैक्कु वांगा! नाळैक्कु वांगा!" चितळं थबकतात, कान टवकारतात. एकदा शेठकडं बघतात, एकदा माझ्याकडं बघतात आणि दोघांत सभ्य कोण ते ठरवून निवांत डोंगराकडं चालू लागतात.

डोंगरावर अभयारण्य आहे. त्याला तारेचं कुंपण आहे आणि कुंपणाला भगदाडं आहेत. ती आमच्यापेक्षा हरणांना जास्त पाठ आहेत. दिवाळीनंतर वरचं गवत वाळलं की सगळी प्रजा आमच्या रानात जेवायला उतरते. मी हायस्कुलात पस्तीस वर्षं भूगोल शिकवला, त्यामुळं अभयारण्याचं महत्त्व मला ठाऊक आहे. हरभरा खाल्ला गेल्यावर ते आठवत नाही, एवढंच.

आमचं गाव विट्याच्या बाजूचं. इकडचा निम्मा पुरुषवर्ग गलाईच्या धंद्यात, म्हणजे सोनं-चांदी गाळून शुद्ध करायच्या कामात, देशभर पांगलेला. हणमंतशेठ पंधराव्या वर्षी तमिळनाडूत सेलमला गेले आणि पंचेचाळीस वर्षं भट्टीपुढं बसले. बायको गेल्यावर दुकान मुलाच्या हवाली करून गावी परतले. तिकडं त्यांना मराठी शेठ म्हणायचे, इकडं सगळे मद्राशी म्हणतात.

धंदा सुटला तरी टंच काढायची सवय सुटली नाही. टंच म्हणजे सोन्याचा कस. शेठ सगळ्याचा कस काढतात. आमच्या घरचा चहा त्यांनी पहिल्याच घोटाला 'चौदा कॅरेट' ठरवला. माझी बायको तेव्हापासून त्यांना अर्धाच कप देते.

सोनाराचं भिंग कायम खिशात. मागं एकदा नुकसानीचा पंचनामा करायला वनरक्षक आला. मी त्याला डुकरांनी केलेला विध्वंस तावातावानं सांगत होतो, तर शेठनी भिंग काढून खाल्लेलं कणीस तपासायला घेतलं.

"आवं गुरुजी, हा दात चितळाचा हाय. डुकराचं नाव घालू नका कागदावर," ते म्हणाले.

"शेठ, कुणी का खाईना, गेलं ते गेलंच ना?"

"तसं न्हाई. ज्याचा माल त्याच्याच नावावर पायजे."

वनरक्षकानं बिचाऱ्यानं लिहिलेलं खोडलं. डुकराची अब्रू वाचली, आमचा पंचनामा आठवडाभर लांबला.

तमिळ कशाला, असं मी एकदा विचारलं. शेठकडं उत्तर तयार होतं. "जनमल्यापास्नं ही मराठी शिव्या ऐकत्यात. त्यास्नी सवं झालीया. नवी भाषा कानावर पडली की जनावर इचार करतं." हे इतकं पटण्यासारखं होतं की आमच्या भावकीतले दोघेतिघे डबे घेऊन "नाळैक्कु वांगा" म्हणू लागले. सीमेवरची कानडी चालेल का, अशीही चर्चा पारावर झाली.

यंदा मात्र शेठनी कहर केला. सगळ्यांचा शाळू, म्हणजे रब्बीची ज्वारी, पेरून झाला, उगवून टाचेएवढा झाला, तरी यांचा दोन गुंठ्यांचा वाफा मोकळाच. मग एक दिवस कुठूनसं हुरड्याचं गुळभेंडीचं बी आणून पेरलं. मी म्हणालो, "शेठ, वाफसा गेला, थंडी आली, आता कसला शाळू?"

त्यांनी खिशातून कॅलेंडराचं पान काढलं. संक्रांतीला लाल गोल केलेला होता. "पोंगलच्या सुट्टीला नात येतीया. कावेरी. नऊ वर्साची झाली, अजून हुरडा खाल्ला न्हाई पोरीनं. कनीस बराब्बर त्या दिवशी दुधात पायजे. दिस मोजूनच पेरलंय."

हिशेब सोनाराचा, एक दिवस इकडं नाही की तिकडं नाही. फक्त हरणं त्यात धरायची राहिली. जानेवारी लागला, गावातला सगळा शाळू टणक झाला, आणि डोंगराखाली कोवळं, दुधाळ कणीस एकाच ठिकाणी उरलं. सगळं अभयारण्य हणमंतशेठच्या दोन गुंठ्यांत उतरू लागलं. शेठनी बांधावर खाट टाकली. जेवण तिथं, दाढी तिथं, कावेरीला रोजचा फोनही तिथूनच. फोनवर बोलताना मध्येच ते डबा वाजवत, आणि पलीकडं पोर खिदळत असे.

अशात द्राक्षं भरायला आलेला एक तमिळ ट्रकवाला रस्त्याकडेला थांबला. शेठचं ओरडणं ऐकून तो हसत सुटला, तो ट्रकला टेकून खाली बसेपर्यंत. मी विचारलं तर डोळे पुसत म्हणाला, "साब, ये हिरन को बोलता, कल आओ, कल आओ!"

मी तडक बांध ओलांडला. "शेठ, दोन महिने तुम्ही हरणांना उद्याचं आवतण देताय? म्हणूनच ती रोज येतात!"

शेठ ओशाळले. "गुरुजी, दागिना तयार नसला की दुकानात हेच म्हणायचं. उद्या या. गिऱ्हाइकाला 'जा' कवा म्हनलोच न्हाई. जिभंला वळन न्हाई त्याचं."

पण शेठच्या पहाऱ्यामुळं निम्मा वाफा वाचला, हे मला मान्य करावं लागलं. संक्रांतीच्या दुपारी मी तिळगूळ घेऊन, खरं तर हुरडा खायलाच, गेलो. बांधाजवळ हुरडा भाजायची आगटी खणलेली होती, जाळायला शेणी रचलेल्या होत्या, गूळ आणि चटणी झाकून ठेवलेली होती. आगटी पेटवलेली नव्हती. शेठ एकटेच खाटेवर बसले होते, डबा मांडीवर.

"पाव्हणं कुठायत?" मी विचारलं.

"काल निघायच्या येळंला फोन आला. शाळंतल्या मैतरणी तिकडल्या डोंगरावर फिराय निघाल्यात, तिला त्यांच्यासंगं जायचं हुतं." डबा खाली ठेवत म्हणाले, "मीच म्हनलं, जा. तिचं दिस हायती खेळायचं."

तमिळवरून मी या माणसाची किती चेष्टा केली होती, तेवढंच डोक्यात येत राहिलं. तेवढ्यात शाळवात खसखस झाली. एक चितळी, मागं तिचं पाडस. माझा हात सवयीनं दगडाकडं गेला.

"ऱ्हाऊ द्या, गुरुजी," शेठ म्हणाले.

चितळीनं शाळवाचं ताट वाकवलं. पाडस कणसाला तोंड लावून अधाशासारखं ओरबाडू लागलं. शेठ पुढं झुकले, अगदी हळू आवाजात म्हणाले, "मेदुवा साप्पिडु, कण्णू."

"काय म्हणालात?"

"सावकास खा बाळा, म्हनलं. पयल्यांदा खातंय. ठसका लागतो."

मी खाटेच्या कडेवर त्यांच्याशेजारी बसलो. कणीस संपवून पाडस बांधावर चढलं, इकडंतिकडं बघून पलीकडं उतरलं.

"गुरुजी, तुमच्या हरभऱ्यात शिरलं की वं ते," शेठ गडबडून उठायला लागले.

मी त्यांचा हात धरून त्यांना खाली बसवलं. "खाऊ द्या," म्हणालो, "लेकरू आहे."