वरून कन्हेरी कशी दिसते

उसानं भरलेल्या दोन ट्रॉल्या एकामागं एक जोडलेल्या असताना ट्रॅक्टर रिव्हर्स घेणारा माणूस अख्ख्या बारामती तालुक्यात एकच आहे, आणि तो म्हणजे मी, कन्हेरीचा हिंदुराव. हे मीच सांगतोय, कारण दुसरं कुणी सांगत नाही. त्यामुळं विमान चालवायची वेळ आली तेव्हा मला काडीची भीती वाटली नाही. भीती मागाहून वाटली, आणि भरपूर वाटली!

त्याचं असं झालं. बारामतीच्या धावपट्टीवरून उडणारी शिकाऊ पोरांची विमानं दिवसभर आमच्या गावावरून जातात. बाकीच्यांना त्या आवाजाचा वैताग येतो. मला मात्र अठ्ठावन्नाव्या वर्षीसुद्धा आवाज आला की हातातलं काम टाकून वर बघावंसं वाटतं. वरून आपलं घर कसं दिसत असेल? जन्मभर ही एकच हौस. या नादात माझं पाणी इतक्या वेळा शेजारच्या रानात गेलं की त्याचा ऊस माझ्या उसापेक्षा हातभर उंच आहे.

मागच्या महिन्यात एक जुनं, पिवळं, दोन सीटचं विमान धावपट्टी सोडून चिखलात रुतलं. ते माझ्या ट्रॅक्टरनं ओढून काढलं. विमान शिकवणाऱ्या सोनम मॅडमनी विचारलं, "काका, किती द्यायचे?"

"पैसं नगंत. एकदा बसवा."

त्या हसल्या आणि रविवारची वेळ दिली. "थोडं चालवायलाही देईन. पण याचं तिसरं चाक शेपटीखाली आहे, त्यामुळं जमिनीवर फार हट्टी आहे."

"मॅडम, हट्टी तर आमची ट्रॉली बी हाय."

घरी येऊन बायकोला सांगितलं. कुशा भाकऱ्या थापत होती. ऐकून घेतलं आणि परातीकडं बघतच म्हणाली, "वरनं मी वळखू यीन का तुमास्नी?"

लग्नाला चौतीस वर्षं झाली, पण असं काही तिनं कधी विचारलं नव्हतं.

"केशरी साडी नेस आन् गच्चीवर उभी ऱ्हा. हजारात वळखीन."

ती खाली मान घालून हसली. तेवढ्यासाठी तरी आता उडायलाच हवं होतं.

हे बोलणं भिंतीपलीकडच्या तात्याबानं ऐकलं आणि संध्याकाळपर्यंत मी अख्ख्या गावाचा डोळा झालो. पहिला तात्याबाच आला. "म्हस्कूनं माझा बांध कोरलाय. वरनं बघ आन् सांग." त्याच्या पाठोपाठ म्हस्कू. "बांध तात्याबानं कोरलाय. नीट बघ." झुंबर म्हातारीची शेळी दोन दिवस बेपत्ता होती, तिनं शेळीच्या कानावरचा पांढरा ठिपकासुद्धा सांगून ठेवला. मी सगळ्यांना हो म्हणालो. नाही म्हणायचा माझा स्वभाव नाही.

रविवारी विमानात बसलो. मी पुढं, मॅडम मागं. शेपूट जमिनीला टेकलेली, नाक आभाळाकडं. समोर बघावं तर नुसतं इंजिनाचं झाकण.

"मॅडम, फुडचं दिसत न्हाय."

"दिसतच नाही, काका. म्हणून जमिनीवर नागमोडी जायचं आणि बाजूनं बघायचं. वळवायचं पायांनी."

दोन पायांखाली दोन पेडल. म्हटलं, हे तर घरचंच काम! ट्रॅक्टरला डाव्या आणि उजव्या चाकाचे ब्रेक वेगळे असतात. शेताच्या टोकाला एका बाजूचा दाबला की ट्रॅक्टर जागच्या जागी फिरतो. मी चाळीस वर्षं तेच करतोय. त्यामुळं विमान जरा डावीकडं जायला लागलं तसा मी उजवा पेडल बांधाशी दाबतो तसा खच्चून दाबला.

विमान गर्रकन फिरलं. जिथं धावपट्टी दिसत होती तिथं आता आम्ही निघालो ते शेड दिसायला लागलं.

"काका, काय केलंत?"

"वळवलं."

"कशासाठी?"

"पाय सवयीनं गेला, मॅडम."

पुन्हा सरळ केलं. पुन्हा फिरलं, या वेळी दुसऱ्या बाजूनं. तिसऱ्यांदा मॅडम शांतपणे म्हणाल्या, "पाय नुसते टेकवून ठेवा. मी नेते." चाळीस वर्षांच्या ड्रायव्हरला हे ऐकावं लागलं. पण गप बसलो, कारण तिकडं कुशा गच्चीवर उभी असणार होती.

मग इंजिन ओरडलं, शेपूट उचलली, नाक खाली आलं आणि पहिल्यांदाच समोरचं सगळं दिसलं. ते नीट बघेपर्यंत जमीन सुटली. वर गेल्यावर मॅडम म्हणाल्या, "घ्या काका, दांडी तुमच्याकडं. समोर काचेच्या नळीत काळी गोळी आहे ना, ती पायांनी मधोमध ठेवा, म्हणजे विमान तिरकं घसरत नाही."

गोळी डावीकडं पळाली. मी पाय दिला. ती उजवीकडं पळाली.

"काका, डाव्या हाताला कन्हेरी आली."

"थांबा मॅडम, गोळी पळतीया."

"गच्च्यांवर माणसंच माणसं आहेत. कुणीतरी हात करतंय बघा."

देवाशपथ सांगतो, मला बघायचं होतं. जन्मभर जे बघायचं होतं ते माझ्या डाव्या खांद्याखाली होतं, तिथं माझं माणूस माझी वाट बघत होतं, आणि भीतीनं मान अशी आखडली की ती विमान शेडपाशी उभं राहिल्यावरच सुटली. पंधरा मिनिटं आभाळात होतो. बघितली फक्त गोळी.

परतताना गाडीवर ठरवलं, खरं सांगून टाकायचं. वेशीतच तात्याबा. "बांध वाकडा हाय का?" एवढे लोक जमलेले, तिथं काय सांगणार? म्हणालो, "जरा हाय." कुणीकडं ते न विचारताच तो आणि म्हस्कू फावडी घेऊन निघाले. झुंबर म्हातारीला अंदाजानंच ओढ्याकडं बोट दाखवलं, आणि अर्ध्या तासात शेळी खरंच ओढ्याला सापडली! गावाचा माझ्यावर विश्वास बसला. आता खरं सांगायची सोयच राहिली नाही.

घरी गेलो. कुशानं केशरी साडी अजून बदलली नव्हती. ताट वाढलं आणि समोर बसली.

"दिसले का मी?"

मॅडम म्हणाल्याच होत्या, कुणीतरी हात करतंय. ती कुशाच असणार.

"दिसलीस की. हात करत हुतीस. सगळ्या गावात तू एकटीच दिसत हुतीस."

तिनं भाकरी वाढली. आमटी वाढली.

"आवो, मी देवापाशी बसले हुते. डोळं मिटून. तुमी वर, आन् मी बघत उभी ऱ्हाऊ? धीरच झाला न्हाय."

हातातला घास ताटात ठेवला. मग सगळं सांगितलं. पेडल, गोळी, मान, सगळं. वाटलं, आता रात्रीचं जेवण काही मिळत नाही. तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"त्या मॅडम परत नेतील का?"

"इचारून बघतो."

"इचारा. फुडच्या टायमाला तुमी खाली बघा, मी वर बघते."