किटली मध्यावर आणिली त्याची हकीकत

जाणते-नेणते सकळ वाचकांस विदित व्हावे की, दुर्मीळ रोगांच्या संशोधन केंद्रात नव्या संचालकबाईंचा अंमल बसला, ते समयी जी थोर मसलत पडली, आणि जीत रक्ताचा थेंब न सांडता चहा मात्र उदंड खपला, तिचे वर्तमान जैसे घडले तैसे लिहितो. पदरचे काही घालीत नाही.

जुने संचालक निवृत्त जाहले, त्यांस घड्याळ देऊन बोळविले, आणि बाई खुर्चीवर बसल्या. खुर्ची एका अंगास कलती होती, तैशीच चालविली. पहिलेच दिवशी एक आई लेकीस घेऊन भेटीस आली. लेक हसली की सर्वांग गळून जागीच कोसळे. म्हणोन घरात थट्टामस्करी मना जाहली, बापाने नकला सोडिल्या, आजीने गोष्टीतून कोल्हा काढून टाकिला. आई म्हणाली, "मॅडम, औषधाचं नंतर बघू. हिच्यासारखं दुसरं कोणी आहे का, तेवढं सांगा." एका रोग्यावरून रोग सिद्ध होत नाही, आणि सिद्ध जाहल्याविना औषधाचा शोध कोणी हाती धरीत नाही. बाईंनी मग निश्चय केला की दुसरा रोगी मिळवावा, नाहीतर ही खुर्ची काय जाळावयाची आहे.

आता केंद्राचा बंदोबस्त ऐसा: डावे हाती स्नायुवाले सरदार, सदर लेकीची तपासणी त्यांजकडे सोपविली होती, उजवे हाती मज्जातंतुवाले सरदार, दोघेही मातब्बर, आणि दरम्यान एक बोळ. पूर्वी मज्जातंतुवाल्यांनी चहाची किटली लावावयास स्नायुवाल्यांचे फ्रीजरची पिन उपसली आणि बर्फात जतन केलेले नमुने वितळोन पाणी जाहले. तेव्हापासोन दोहींकडे किटल्या वेगळ्या, कप वेगळे, आणि अबोला ऐसा की एकाचे खोलीस आग लागावी तर दुसऱ्याने धुराची तक्रार गुदरावी.

बाईंनी उभयतांस सल्ल्यास बोलाविले. एकाने दात दुखतो म्हणोन कळविले, दुसऱ्याने पहिला येणार नसेल तरच येतो म्हणोन कळविले. मग बाईंनी हुकूम काढिला की, आजपासोन दोन्ही किटल्या जप्त. नवी किटली एकच, ती बोळात खिडकीपाशी राहील. चहा तेथेच करावा, तेथेच प्यावा. कोणी प्रयोगशाळेत कप नेईल त्याचा मुलाहिजा होणार नाही. किटली बाजारातील सर्वांत मंद पाहोन आणिली होती. हे गुपित बाईंनी कोणास कळू दिले नाही.

हुकूम फिरताच बंडाळी माजली. स्नायुवाल्यांनी घरून थर्मास आणिला. तो दुपारी कोमट पडला. मज्जातंतुवाल्यांनी चहाच वर्ज्य केला, आणि मग डोके धरोन हाताखालच्या लोकांवर विनाकारण खेकसू लागले. दोन्ही फौजा फितूर होऊन बोळात चहा पिऊ लागल्या आणि सरदार तेवढे आपापल्या ठाण्यात एकले राहिले. अखेर एके दुपारी दोघेही नाइलाजे एकाच समयी किटलीपाशी आले. फिरावे तर नाक कापले जाते. म्हणोन पाठीस पाठ लावोन उभे राहिले. बाई आपल्या दाराआडून पाहात होत्या आणि श्वासही बेताने घेत होत्या.

पाणी काही उकळेना. मग स्नायुवाले खिडकीस उद्देशून म्हणाले, "मुलगी हसली की पडते. स्नायू ठणठणीत. काय करायचं माणसानं?"

मज्जातंतुवाल्यांनी हातातला कप खाली ठेविला. मग तेही भिंतीसच म्हणाले, "पडल्यावर डोळे उघडे असतात? ऐकू येतं?"

"हो, सगळं."

"माझ्याकडे मुलगा आहे. असाच."

पाणी उकळोन किटली आपोआप बंद जाहली, तरी कोणी हात लाविला नाही. उभयतांनी दुसऱ्या रोग्यासाठी सातासमुद्रांपार विचारणा केली होती. बोळ तेवढा ओलांडिला नव्हता. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो खासा दृष्टीस पडला. बाईंस आधी संताप आला, आणि मग दार लोटोन घेऊन त्या रडल्या.

पुढे दोहींकडचे फ्रीजर उघडिले, नमुने ताडून पाहिले, दोष एकच निघाला. मग बाईंनी दोन्ही आयांस, लेकरांसहवर्तमान, आपल्या खोलीत बोलाविले. मुलाच्या आईने विचारिले, "ही एवढी गप्प का हो?"

"हसवत नाही आम्ही तिला. पडते ना."

"अहो, आम्ही आधी खाली बसवतो, मग हसवतो."

मुलीची आई मग म्हणाली, "बस गं खाली," आणि लेकीस भिंतीशी टेकवोन, संचालक व दोन्ही सरदारांचे समक्ष, डोळे तिरळे करून जिभेने नाकाचा शेंडा गाठू लागली. लेक खदखदा हसली, आणि आईच्या मांडीवर अलगद कलंडली.

येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली. औषध अद्याप हाती नाही, रोगास नाव कोणाचे द्यावे यावरोन सरदारांत पुन्हा कुरबुर आहे. परंतु त्या घरी हसण्यास जी मनाई होती ती त्या दिवसापासोन उठली. इतका मुलूख काबीज जाहला, तो येथे नमूद केला असे.