ओव्हाळकाकांचा हळू आवाज

तळ्याकाठच्या पायवाटेवर जागोजागी 'शांतता राखा' असं लिहिलेलं आहे. ते पाळायला लावण्याचं काम आमच्या शेजारच्या ओव्हाळकाकांनी स्वतःहून अंगावर घेतलं होतं. कुणी दोघं कुजबुजताना दिसली, की काका लांबूनच हात वर करून सांगत, "बोलू नका, पाखरं उडतील." हे ते अशा आवाजात सांगत, की तोवर निवांत बसलेली पाखरं तेवढ्यानेच उडत. मग काका त्या दोघांकडे बघून मान हलवत. "बघा, उडाली का न्हाई?"

काका मूळचे धाराशिवकडचे. सगळी नोकरी भोसरीत, प्रेस शॉपमध्ये पत्रा ठोकण्यात गेली. रिटायर झाले, पण शिफ्ट अंगातून गेली नाही. पहाटेचे बगळे म्हणजे 'फर्स्ट शिफ्ट'. दिवसा झाडात मान खुपसून झोपणारा रातबगळा म्हणजे "थर्डवाला, त्याला उठवू नका". पंख पसरून उन्हात उभा राहिलेला पाणकावळा कायम टी-ब्रेकवर. जांभळ्या पाणकोंबडीबद्दल मात्र त्यांचं मत वाईट. "नुसती हिकडून तिकडं. सुपरवायझर हाय ती."

रविवारी सकाळी काका आमची बेल वाजवत. "चल पोरी, राउंडला." मी आयटीत आहे आणि रविवारी उशिरा उठणं हा माझा हक्क आहे, हे त्यांना कधीच मान्य झालं नाही. पिंपळे गुरवपासून तळ्यापर्यंत ते माझ्या स्कूटरवर मागे बसून बोलत येत. सिग्नलला आजूबाजूचे लोकही त्यात भाग घेत.

तिथे गेलं की माझी परीक्षा असे. पाणकणसात काही ओरडलं आणि माझी मान तिकडे वळली, की काका थांबत आणि कान पुढे करत. "काय म्हणली? करून दाखव."

मग मी, ऑफिसात दहा माणसांना कामाला लावणारी बाई, भर पायवाटेवर त्यांच्या कानात "टिटिव-टिव, टिटिव-टिव" करत असे. बाजूने जॉगिंगवाले जात.

"मोठ्यांदा कर. टिटवी काय लाजती व्हय?"

पुन्हा केलं की काका गंभीर चेहऱ्याने निकाल देत. "ओके. पास." खंड्याच्या आवाजात मात्र मी कितीतरी रविवार रिजेक्ट होते.

एकदा परत निघताना गेटवरच्या सिक्युरिटीवाल्याने मला बाजूला घेतलं. "मॅडम, फोटो काढणाऱ्यांची तक्रार आलीय. काकांच्या आवाजानं पक्षी उडतात म्हणे. पुढच्या वेळी असंच झालं, तर साहेब आत सोडू देणार नाहीत." काका दोन पावलांवर उभे होते. त्याच्याकडे बघून हसले, हात केला. त्यांनी एक अक्षर ऐकलं नव्हतं.

सांगणं माझ्यावरच आलं. मी त्यांना परत आत नेऊन बाकावर बसवलं आणि कानाशी तोंड नेऊन सगळं सांगितलं.

"माझ्या आवाजानं?"

"हो."

"मी तर हळू बोलतो."

मी नकारार्थी मान हलवली. काका पाण्याकडे बघत बसले. म्हणाले, "घरी कुणी सांगितलं न्हाई कधी. म्हंजे मशीन बंद झाली, माझा आवाज तेवढाच ऱ्हायला."

"कानाला यंत्र लावा की, काका."

"लावलं होतं. फॅन, कुकर, टीव्ही, सगळं एकदम. परत प्रेस शॉपच." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "लई दिवस झाले, मला टिटवी ऐकू येत न्हाई. चोच हलताना दिसती नुसती. म्हणून तुला करायला लावतो."

"मग पास-नापास?"

"तुझ्या तोंडाकडं बघून ठरवत होतो."

पुढच्या रविवारी बेल वाजली नाही. मीच त्यांची बेल वाजवली. काका बूट घालून सोफ्यावर बसले होते. "तू जा. माझ्यापायी तुझा राउंड कशाला खराब?" मी स्कूटरची किल्ली हलवून दाखवली आणि जिन्याकडे निघाले. मागून बुटांचा आवाज आला.

त्या दिवशी त्यांनी गेटपासूनच तोंडावर रुमाल धरला. बगळे आले, पाणकोंबडी फिरली, काका गप्प. दलदलीच्या कडेला एक टिटवी आमच्यापासून चार-पाच पावलांवर उतरली. इतक्या जवळ यापूर्वी एकही आली नव्हती. ती ओरडू लागली. काकांनी तिच्या चोचीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. कान पुढे केला नाही. हात पुढे केला, तळवा उघडा.

मी बोटाने त्यावर तिचं बोलणं वाजवू लागले. दोन पटपट, एक थांबून. दोन पटपट, एक थांबून. काकांनी डोळे मिटले.

थोड्या वेळाने टिटवी उडून पलीकडच्या काठाला गेली. काकांचे डोळे मिटलेलेच होते. मी वाजवत राहिले.